सूपभर कोंडा

सई, मागच्या रविवारी तू फोनवर विचारलंस की डबी पाठवली तर आजी तीत थुंकशील का. तुझ्या वर्गातल्या मुलींनी अशीच थुंकी पाठवून आपापले पूर्वज शोधले, एकीला दुसऱ्या देशात मावशी सापडली, म्हणून तुलाही हौस आली. मी 'बघू' म्हटलं आणि विषय बदलला. तुला ते खटकलं असणार. पण त्या डबीचं नाव निघालं की मला आमच्या समोरच्या फ्लॅटमधले सोपानराव दिसतात, आणि त्यांची गोष्ट फोनवर सांगण्यासारखी नाही. म्हणून लिहिते आहे. अर्णवलाही वाचून दाखव. चिंचवडला आलात तेव्हा त्याच्या सायकलची चेन त्यांनीच बसवून दिली होती. वाचून झाल्यावरही वाटलं तर डबी पाठव.

सोपानराव भोसरीच्या एका कारखान्यात क्वालिटीला होते. म्हणजे दुसऱ्यांनी बनवलेले सुटे भाग मोजायचे आणि पास की रिजेक्ट ते ठरवायचं. निवृत्त झाल्यावरही त्यांच्या शर्टाच्या खिशात पेनाच्या शेजारी व्हर्नियर असायचा. व्हर्नियर ही चिमट्यासारखी स्टीलची मोजपट्टी असते, केसाची जाडीसुद्धा सांगते. सोसायटीच्या टाकीचं काम निघालं तेव्हा कंत्राटदाराने आणलेला पाइप त्यांनी तिथेच गेटवर मोजला.

"काका, दिसतोय की चांगला जाड," कंत्राटदार म्हणाला.

"डोळ्याला कॅलिब्रेशन नसतं, भावा," सोपानराव म्हणाले आणि टेम्पो परत पाठवला.

एकदा माझ्या थालीपिठालाही त्यांनी व्हर्नियर लावला. "बाई, कडेला पातळ, मध्ये जाड. रिजेक्ट नाही, पण रीवर्क लागेल." असं म्हणून दोन थालीपिठं खाल्ली. मी शाळेत इंग्रजी शिकवत असे म्हणून ते मला बाई म्हणायचे. सगळ्यांशी त्यांचं बोलणं असंच असायचं, कोरडं आणि मोजून. बायको मालनताई बाजारातून आल्या की भाजी ठेवायच्या आधी त्यांना किंमत नाही, वजन सांगावं लागे. 'मोजलं का?' हा त्यांचा प्रश्न आमच्या जिन्यात इतका ऐकू यायचा की लिफ्ट दुरुस्त करणारी मुलंसुद्धा तो म्हणून दाखवायची.

एका गोष्टीला मात्र त्यांनी कधी माप लावलं नाही, ती म्हणजे त्यांचे केस. सत्तरीतही दाट, पांढरेशुभ्र, तेल लावून मागे वळवलेले. "आमच्या भावकीत टक्कल नाही," ते म्हणायचे. "वंशच तसा आहे." त्यांचे सख्खे चुलतभाऊ बाळासाहेब गावाहून यायचे ते कायम टोपी घालून, त्यामुळे या विधानाची तपासणी कोणी केली नाही.

भावकी म्हणजे काय ते तुम्हांला सांगायला हवं. एका पुरुषाची मुलं, नातवंडं, पणतवंडं, मुलग्यांच्या बाजूने खाली उतरत गेलेली सगळी घरं मिळून एक भावकी. आपसांत लग्नं करायची नाहीत, भांडणं मात्र करायची. आणि त्यातलं कोणी गेलं की सगळ्यांनी सुतक पाळायचं, दहा दिवस देवाला हात लावायचा नाही, गोडधोड करायचं नाही. कोण आपलं आणि कोण नाही हे तिथे सुतकावरून ठरतं.

सोपानरावांचं गाव चाकणच्या पलीकडे, भामा नदीच्या काठाला. शेतांवर कंपन्या आल्या, उरलेल्या जमिनीवर गोडाऊन बांधून भाड्याने दिली गेली, आणि भावकी श्रीमंत झाली. मग भैरवनाथाचं जुनं देऊळ पाडून संगमरवरी बांधायचं ठरलं. सभामंडपाच्या एका भिंतीवर भावकीची वंशावळ कोरायची असंही ठरलं. सोपानरावांचे वडील कोंडिबा थोरल्या शाखेचे थोरले, तेव्हा त्यांच्या पिढीत पहिलं नाव त्यांचं येणार होतं. देवाच्या जत्रेत पहिला नारळ फोडायचा मानही त्याच घराचा. सोपानराव आयुष्यभर भोसरीत ड्यूट्या करत राहिले, गावातल्या जमिनीत त्यांनी फारसं लक्ष घातलं नाही, पण त्या नारळासाठी ते तापात असतानाही जाऊन आलेले मी पाहिले आहेत. वडिलांचं नाव दगडात यावं, याहून मोठी इच्छा त्यांच्या तोंडून मी ऐकली नाही.

कोंडिबा या नावाची गोष्ट ते दर गणपतीत सांगायचे. त्यांच्या आजीची मुलं जगत नव्हती. अशा वेळी जुन्या बायका एक युक्ती करायच्या. बाळ जन्मलं की ते दुसऱ्या बाईच्या ओटीत टाकून द्यायचं आणि तिच्याकडून क्षुल्लक काही देऊन विकत घ्यायचं. मृत्यूला वाटावं की हे पोर या घरचं नाहीच. सोपानरावांच्या वडिलांना गावकुसाबाहेरच्या वस्तीतल्या तानूबाई सुईणीच्या ओटीत घातलं आणि सूपभर कोंडा देऊन परत घेतलं, म्हणून ते कोंडिबा. "स्वस्तात पडले आमचे वडील," असं म्हणून ते हसायचे, आणि प्रसादाच्या रांगेतली माणसंही हसायची.

वंशावळीचं काम भावकीने त्यांच्याकडे दिलं. तिथे त्यांच्यातला क्वालिटीवाला जागा झाला. तोंडी सांगण्यावरून दगडात कोरायचं नाही, आधी मोजायचं, असं त्यांनी सभेत सांगितलं. त्यांचा मुलगा तेव्हा अमेरिकेत कामाला होता. तो येताना थुंकीच्या डब्या आणायचा, जाताना भरून घेऊन जायचा.

आता यातलं कडू तेही सांगते. हा आग्रह नुसता अचूकपणाचा नव्हता. खालच्या आळीत एक गरीब शाखा होती, नामदेव नावाच्या माणसाची. त्याची पणजी लग्नाची नव्हती, ठेवलेली होती, असं वरच्या आळीत बोललं जायचं. तरी नामदेवला भिंतीवर नाव हवं होतं. सोपानरावांना ते नको होतं. माझ्या दिवाणखान्यात बसून त्यांनी मला सांगितलं होतं, "बाई, माप लागलं की आपोआप गळेल. आपल्याला वाईट बोलायला नको."

मी एकदा त्यांच्याबरोबर गावी गेले होते, हुरडा खायला. देवळाच्या ओट्यावर पुरुष ओळीने डब्या धरून बसले होते. अर्धा तास तोंडात काही नको, अशी अट होती आणि तिथे एकाही तोंडात तंबाखू नव्हती असं कधी झालं नव्हतं. माणसं हवालदिल झाली होती. बाळासाहेबांच्या आई, सोपानरावांच्या काकू, बोटाने मिश्री लावत दारातून बघत होत्या.

"आरं सोपाना, तंबाकूबिगर ह्यांना थुकी सुटतीय व्हय?"

"काकू, जरा धीर धरा."

"मी धरते रं. त्यो शिरपा बघ, घाम फुटलाय त्याला." मग बोट धुवून त्या जवळ आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "कशाला मोजतूस? हाय ते बरं हाय."

सोपानराव हसले. मीही हसले. म्हातारीला नवं काही नको असतं, असं आम्हां दोघांना वाटलं.

निकाल फोनवर आले. त्यातलं इंग्रजी मी वाचून समजावून सांगायचं असं ठरलं होतं. सोपानरावांचं भावकीतल्या बहुतेकांशी थोडं थोडं जुळत होतं. ते खूश झाले. "बघा बाई, सगळ्यांशी आहे." आठवडाभर ते असेच हवेत होते. मग मुलाचा फोन आला. त्याने समजावलं की ही बारीक जुळणी काही सांगत नाही. भावकीतल्या सगळ्या सुना पिढ्यान्‌पिढ्या त्याच चार-पाच गावांतून आल्या आहेत, सोपानरावांची आईसुद्धा. आईच्या बाजूने एवढं सगळ्यांशीच निघणार. प्रश्न बाळासाहेबांचा होता. सख्ख्या चुलतभावाशी जेवढं जुळायला हवं त्याच्या पासंगालाही ते येत नव्हतं. नामदेवचं मात्र बाळासाहेबांशी स्वच्छ जुळत होतं. खालची आळी पास झाली होती.

सोपानरावांनी नियमाप्रमाणे केलं. माप शंकास्पद आलं तर पुन्हा मोजायचं. दुसरी डबी भरताना त्यांनी आदल्या दिवसापासून चहासुद्धा घेतला नाही. निकाल तोच आला. आणि त्याच सुमाराला त्या साइटवर त्यांना एक निरोप आला. प्रज्ञा नावाची मुलगी, माणच्या आयटी कंपनीत कामाला. कंपनीने परदेशी पाठवलं होतं तेव्हा तिने गंमत म्हणून डबी भरली होती. तिने लिहिलं होतं, 'नमस्कार, आपण जवळचे नातेवाईक दिसतो. माझी पणजी तानूबाई चाकणजवळच्या गावात सुईण होती. आपल्याला काही माहीत आहे का?'

मी तो निरोप वाचून दाखवला. सोपानरावांनी माझ्या हातून फोन घेतला, तो टेबलावर पालथा ठेवला आणि कडा टेबलाच्या कडेशी समांतर करत बसले. मालनताई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "पुसून टाका ते. कोणाला कळणार आहे?"

"मला कळलंय ना."

"नातीचं लग्न व्हायचंय."

"मालन, रिजेक्ट पीस पासमध्ये टाकून मी कधी घरी आलो नाही."

"तुम्ही पीस नाही," त्या म्हणाल्या. त्या दोघांत खरं शहाणपण कोणाचं, हे मला आजही ठरवता येत नाही.

भावकीच्या सभेत त्यांनी स्वतः उभं राहून सगळं सांगितलं. मी तिथे नव्हते. परत आल्यावर ते आधी आमच्याकडे आले, घरी जायचं टाळत होते म्हणून. त्यांना वाटलं होतं की माणसं गोंधळतील, थोडं वाद घालतील, आणि मग कोणीतरी म्हणेल की दादा, चार पिढ्या एका ताटात जेवलो, जाऊ द्या. तसं कोणी म्हणालं नाही. नामदेव तेवढा बोलला.

"आमाला मोजायला निघालता न्हवं तुमी?"

मग बाळासाहेब म्हणाले, "सोपानराव, बसा."

"सोपानराव म्हणाला, बाई," त्यांनी मला सांगितलं. "जन्मापासून दादा म्हणत होता."

कोणी त्यांचा अपमान केला नाही. चहा दिला, गाडीने चाकणपर्यंत सोडलं. भिंतीवर कोंडिबांच्या जागी नामदेवच्या आजोबांचं नाव गेलं. जत्रेच्या नारळाचं काय, हे विचारायची वेळच आली नाही, कारण जत्रेचा निरोपच आला नाही.

पुढे काकू गेल्या. तेही त्यांना कोणी कळवलं नाही. ते बँकेच्या कामाला चाकणला गेले होते, चौकात वाहनं अडकली होती, आणि रिक्षातून त्यांना समोर फ्लेक्स दिसला. काकूंचा फोटो, भावपूर्ण श्रद्धांजली, खाली शोकाकुल म्हणून नावांची रांग. नामदेवचं होतं. रहदारी सुटेपर्यंत त्यांनी तो फ्लेक्स पुन्हा पुन्हा वाचला. घरी येऊन त्यांनी देवघराचं दार लावून घेतलं, सुतक म्हणून. संध्याकाळी बाळासाहेबांचा फोन आला, कोणीतरी सांगितलं असणार. आवाज नम्र होता. "तुम्ही कशाला त्रास घेता? तुम्हांला लागत नाही." मालनताईंनी उठून देवघर उघडलं आणि दिवा लावला.

त्यानंतर ते माझ्याकडे आले आणि म्हणाले, त्या मुलीला उत्तर लिहायचंय, इंग्रजीत लिहून द्या. मी म्हटलं, मराठीत लिहा, तिने मराठीतच लिहिलंय.

दिघीला आम्ही दोघं गेलो. मालनताई आल्या नाहीत. लष्कराच्या लांब भिंतीसमोरच्या गल्लीत प्रज्ञाच्या वडिलांचं नीटनेटकं घर आहे. भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, खाली प्रज्ञाची पदवीच्या झग्यातली. पलंगावर तिची आजी सगुणाबाई बसली होती, तानूबाईंची मुलगी. म्हणजे कोंडिबांची धाकटी बहीण, सोपानरावांची आत्या.

"ह्यो का कोंडिबाचा?" तिने विचारलं.

"व्हय," सोपानराव म्हणाले. इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून हा शब्द मी ऐकला नव्हता.

"बस."

तिनेच सांगायला सुरुवात केली, विचारायची वाट न बघता. "तुज्या घरचं पोर मेलेलं निघालं. माजी आई आदल्या दिशी बाळंत झाली व्हती, पोर पाटीत घिऊन बोलावल्यावर कामाला गेली. तुज्या आज्जीच्या सासूनं पाटीतलं उचललं. वरनं सूपभर कोंडा टाकला. भाईर लोकास्नी वाटलं, पोर जगावं म्हणून चाललंय."

"त्यांनी दिलं कसं?" सोपानराव म्हणाले.

"दिलं न्हाई. इचारलंच न्हाई तिला कुणी. बोलली असती तर वस्तीत ऱ्हाऊ दिलं असतं व्हय?"

प्रज्ञा म्हणाली, "आजी, हळू. दम लागेल."

"लागू दे. इतकी वर्सं धरलाच हाय."

सोपानरावांनी विचारलं, तानूबाईंचा एखादा फोटो आहे का. म्हातारीने त्यांच्याकडे नीट पाहिलं.

"फोटू कशाला? तू बघितलीय की तिला. सणाला यायची तुमच्या दारात. पायरीखाली बसायची. पाणी कोण वाढायचं तिला?"

सोपानरावांचा हात खिशाकडे गेला, व्हर्नियरवर थांबला.

"वरनं वाढायचास. ती वंजळ धरायची. घरी यिऊन सांगायची, सोपाना लई हुशार हाय, इतक्या वरनं वाढतो, पर एक थेंब सांडत न्हाई." मग ती म्हणाली, "तिला लई कवतिक तुजं."

प्रज्ञाने पाण्याचा ग्लास आणून त्यांच्या हातात दिला. तो तसाच राहिला.

"पी," म्हातारी म्हणाली. "हितं वरनं न्हाई वाढत."

ते प्यायले. ग्लास खाली ठेवून त्यांनी विचारलं, "आत्या, मी येत जाऊ का?"

"कशाला? भावकीनं टाकलं म्हणून?"

"तसं न्हाई."

"तसंच हाय. आई गेली तवा तुजा बाप लांब बांधावर हुबा व्हता. म्होरं आला न्हाई. तवा यायचं व्हतं कुणीतरी."

"त्यांना ठाऊक होतं?"

"ते त्याला ठावं." ती भिंतीकडे वळून आडवी झाली. प्रज्ञा आम्हांला गल्लीच्या तोंडापर्यंत सोडायला आली. मुलगी चांगली आहे, ओशाळली होती. "आजी अशीच आहे, काका," ती म्हणाली. पण 'परत या' असं तीही म्हणाली नाही, आणि मला तिचं काही चुकलं असं वाटलं नाही. परतीच्या रिक्षात सोपानराव एकदाच बोलले. म्हणाले, "थेंब सांडत नाही म्हणून वडील शाबासकी द्यायचे, बाई."

त्यानंतर त्यांनी मोजणं सोडलं. सोसायटीच्या पत्र्याचं काम निघालं तेव्हा सेक्रेटरी त्यांना बोलवायला आले, तर म्हणाले, डोळ्यांनी बघा, पुरे. मालनताईंनी व्हर्नियर कुठेतरी उचलून ठेवला आणि त्यांनी तो शोधला नाही. मुलगा अमेरिकेतून परत येऊन नाशिकला स्थायिक झाला होता. त्याने फ्लॅट विकून तिकडे येण्याचा धोशा लावला. गावापासून लांब, लोकांच्या बोलण्यापासून लांब. मालनताईंनाही तेच हवं होतं.

सामान बांधणं चालू असताना प्रज्ञाचा निरोप आला की आजी गेली. सोपानराव दिघीला जाऊन आले. पुण्यानुमोदनाला, म्हणजे त्यांच्याकडच्या शोकसभेलाही गेले, मागच्या रांगेत बसले आणि जेवायला न थांबता परत आले. मधल्या दिवसांत त्यांनी दाढी केली नाही, देवघराकडे गेले नाहीत, जमिनीवर चटई टाकून झोपले. मालनताई मला म्हणाल्या, "तुम्ही तरी सांगा त्यांना."

मी सांगितलं नाही. ज्या दिवशी ते चिंचवड सोडून गेले त्या सकाळी मी निरोप द्यायला दार उघडलं, तर ते समोर उभे होते, डोक्याचा पूर्ण गोटा केलेला. माथा पांढरा, कपाळ काळं, मध्ये टोपीची असावी तशी रेघ. वरच्या मजल्यावरचे गृहस्थ जिना चढत होते, त्यांनी विचारलं, "कोण गेलं, सोपानराव?"

"घरातलं," ते म्हणाले.

ते गृहस्थ वर गेल्यावर मी म्हटलं, "लग्न झालेल्या आत्याचं एवढं नसतं. आणि त्यांच्याकडे तर सुतक पाळतच नाहीत."

"ठाऊक आहे, बाई. हे आत्याचं नाही. आजीचं राहिलं होतं."

मी खाली गेटपर्यंत गेले. ते ड्रायव्हरशेजारी बसले, मालनताई मागे. गाडी सुरू झाल्यावर मालनताईंनी पिशवीतून एक पांढरी टोपी काढून पुढे केली. "घाला. लोक बघताहेत."

त्यांनी टोपी घेतली, मांडीवर ठेवली, आणि काच खाली केली.